कुसुमबाईंनी वाचलेलं कोटेशन

कुसुमबाई,

परवा तुमची तेरवी झाली. जेवणं आटोपल्यावर तुमच्या भावाने सतरंजी टाकली आणि तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांना एकेक करून बोलायला लावलं. कोर्टातला कारकून बोलला, पतसंस्थेतली मुलगी बोलली, तहसीलमधला एक जण तर रडलाच. मग सगळे माझ्याकडे पाहायला लागले. "शेवंताबाई, तुमीही बोला जी दोन शब्द. तुमचं तर लय जमत होतं."

मी नुसती मान हलवली. लोकांना वाटलं, बाईचं मन भरून आलं. भरून आलं होतंच, पण त्यातला अर्धा राग होता. जिच्याशी भांडण अर्ध्यावर राहिलं तिच्याबद्दल चारचौघांत गोड काय बोलायचं? म्हणून सावली गावी घरी आल्यावर हे लिहायला बसले. हाताने लिहीत नाही, टाइप करते आहे. दहाही बोटांनी.

पहिल्या दिवसापासून सांगते, कारण पहिल्या दिवशीच आपलं वाजलं.

त्या वेळी मूल गावातल्या तुमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये टाइपरायटरच्या दोन रांगा होत्या आणि नव्याने आणलेले तीन कॉम्प्युटर, वर कापडी झाकण घातलेले. मी आत आले ती थेट मासळीच्या टेम्पोतून उतरून. चाळिशी गाठलेली बाई, शिक्षण सातवी, पदर खोचलेला. तुमच्या पोरींनी नाकाला रुमाल लावले. तुम्ही लावला नाही.

"कॉम्प्युटर शिकाचा हाय," मी म्हटलं. "फी किती?"

तुम्ही आकडा सांगितला. मी अर्धा सांगितला. तुम्ही पुन्हा तोच आकडा सांगितला, त्याच आवाजात. मी थोडा वाढवला. तुम्ही पुन्हा तोच. मला वाटलं, ही बाई ऐकायला कमी आहे की काय. मग मी आमच्या धंद्यात करतात ते केलं. "राहू द्या मंग," म्हणून उठले आणि पायऱ्या हळूहळू उतरले. प्रत्येक पायरीवर थोडी थांबले. मागून हाक आली नाही. बस स्टँडपर्यंत गेले, तरी हाक नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी उठून गेल्यावर कोणी मला परत बोलावलं नव्हतं. सावलीची बस लागली होती, तिच्यात चढले, उतरले, आणि तशीच तुमच्याकडे परत आले. तुम्ही वर पाहिलं आणि म्हणालात, "उद्या आठ वाजता. नखं कापून या."

का परत आले, ते तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. सावलीच्या आसपासच्या तलावांवरचे मासे मी मच्छीमार सोसायट्यांकडून घ्यायची. सासू डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव फिरली होती. मी टोपलीवरून टेम्पोपर्यंत आले, तेही कोणाच्या उपकाराशिवाय. पण माझा माल चंद्रपूरला विकायचा एक अडत्या. मासे माझे, बर्फ माझा, टेम्पो माझा, बिलाचा कागद तेवढा त्याचा. आणि त्या कागदाच्या जोरावर मधला मोठा वाटाही त्याचा. अशात चंद्रपूरच्या एका मोठ्या कँटीनला वर्षभर मासे हवे होते. कोटेशन बंद पाकिटात द्यायचं आणि ते कॉम्प्युटरवर टाइप केलेलं पाहिजे, अशी अट होती. ती ऑर्डर मिळाली तर अडत्या सुटला. माझं नाव माझ्या मालावर लागणार होतं.

"मीच टाइप करून देते की," तुम्ही म्हणालात. "दहा मिनिटांचं काम. त्यासाठी तीन महिने कशाला घालवता?"

"आज तुमी कराल. उद्या तुमची एखादी पोरगी करन. माह्या भाव सांजेपर्यंत बजारात फिरन. माह्या भाव माह्याच बोटानं लिवीन."

तुम्ही पहिल्यांदा हसलात. म्हणालात, "हे मला पटलं."

तुमच्या गळ्यात तुळशीची माळ होती. मासळीचा वास तुमच्या घरात कधी शिरलाच नसेल, हे मला पहिल्या दिवशीच कळलं. दुसऱ्या दिवशी मी हात साबणाने तीनदा घासून आले, तरी कीबोर्डला हात लावायला बिचकत होते. मी तसं म्हटलं. तुम्ही खुर्ची ओढून म्हणालात, "माळ माझ्या गळ्यात आहे, कीबोर्डच्या नाही. बसा."

बाई, हे वाक्य मी पुष्कळांना सांगितलं आहे. तुमच्यावर चिडलेली असतानाही सांगितलं आहे.

पहिले पंधरा दिवस मी नुसती बटणं शोधत होते. मासा कापणाऱ्या हाताला हलकं काही करताच येत नाही. एक अक्षर दाबायला गेले की पाच उमटायची. "हळू, शेवंताबाई. तो पळून जाणार नाही," तुम्ही म्हणायच्या. मी म्हणायची, "तुमाले सोपं हाय जी, तुमचे हात बामनाचे." तुम्ही म्हणायच्या, "माझे वडील लोहार होते. टाइप करा." तोवर मी तुम्हाला काय समजत होते आणि तुम्ही काय निघालात! तरी मी माफी मागितली नाही. उलट म्हटलं, "मंग तर तुमाले घन चालवता येत असन." तुम्ही म्हणालात, "म्हणूनच सांगते, हळू."

तक्ता करायला मी शिकले ती आपल्या पद्धतीने. एका बाजूला माशाचं नाव, दुसऱ्या बाजूला भाव, मधली जागा स्पेसचं बटण दाबदाबून भरायची. पडद्यावर रोहू, कटला, मरळ, झिंगे अगदी टोपलीत लावल्यासारखे ओळीत दिसत. कागदावर काढलं की सगळे भाव वाकडेतिकडे. तुम्ही शांतपणे सगळं पुसायला लावलंत. दोन तासांची मेहनत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं रागाने. मग तुम्ही टेबल कसं टाकायचं ते दाखवलंत, एकदाच, आणि मला पाच वेळा पुसून पाच वेळा करायला लावलंत. आजही माझ्या कोटेशनचे रकाने सरळ असतात. चंद्रपूरच्या कँटीनच्या हिशेबनिसाने एकदा विचारलं होतं, "हे कोणत्या कॉम्प्युटरवाल्याकडून करून घेता?" मी म्हटलं, "घरीच होते."

असो. आता भांडणाकडे येते.

कोटेशन मी स्वतः टाइप केलं. सकाळी आठला बसले ती साडेदहाला उठले. प्रिंटर तुमच्या टेबलाशेजारी होता, तो कर्रकर्र आवाज करणारा, कडेला भोकं असलेल्या कागदाचा. कागद बाहेर आला तो तुमच्या हातात. तुम्ही कडेच्या पट्ट्या नीट फाडल्या, चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत वाचलं. एकेक ओळ. मी समोर उभी होते, मी पाहिलं आहे. वाचून झाल्यावर म्हणालात, "तिसऱ्या ओळीत स्वल्पविराम राहिला." मी तो टाकला. पुन्हा प्रिंट काढली. तुम्ही पुन्हा वाचलंत आणि मान डोलावली. मी पाकीट बंद केलं.

त्यात मी जो भाव लिहिला होता तो बोलायचा भाव होता. म्हणजे आमचा पहिला भाव. बाजारात गिऱ्हाईक आलं की आम्ही तो सांगतो, तो खाली मागतो, आम्ही कपाळाला हात लावतो, तो दोन पावलं पुढे जातो, आम्ही हाक मारतो, आणि मध्ये कुठेतरी दोघांचं जमतं. पहिला भाव खरा असतो असं आमच्याकडे लहान पोरसुद्धा मानत नाही. कँटीनवाला फोन करणार, "बाई, जास्त होते, कमी करा," म्हणणार, आणि मी कमी करणार. किती कमी करायचं, कुठे थांबायचं, कधी नवऱ्याच्या आजाराची गोष्ट काढायची, सगळं मनात ठरवून ठेवलं होतं. शेजारच्या एसटीडी बूथवाल्याला सांगून ठेवलं होतं की माझा फोन आला की धावत ये. बारा दिवस मी तलावावर गेले नाही. मी कमी करायला तयार बसले होते आणि कोणी विचारलंच नाही.

तेराव्या दिवशी मीच चंद्रपूरला गेले. कँटीनच्या ऑफिसातला माणूस म्हणाला, "पाकिटं तर कवाचीच उघडली. ज्याचा भाव कमी त्याला दिलं."

"अहो, मंग मले विचाराचं होतं नं! मी त्याच्यापेक्षा कमी केलं असतं."

"विचाराचं काऊन, बाई? तुमी लिहून देल्लं होतं नं."

ऑर्डर कोणाला गेली? अडत्याला. त्याचा भाव माझ्या मनातल्या शेवटच्या भावापेक्षा जास्त होता. तो पुढचं वर्षभर माझेच मासे माझ्याकडून घेऊन त्या कँटीनला घालणार होता.

मी चंद्रपूरहून निघाले ती सावलीला न जाता मूलला उतरले. तुमच्या वर्गात मुलं बसली होती. मी दारातूनच ओरडले. "तुमी वाचला होता नं कागद? दोनदा वाचला! स्वल्पविराम दिसला, आन् भाव नाई दिसला? काऊन नाई सांगतलं मले?"

तुम्ही उभ्या राहिलात. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. म्हणालात, "शेवंताबाई, आवाज खाली. मुलांची स्पीड टेस्ट चालू आहे."

मला त्या क्षणी तुमचा एखादा टाइपरायटर उचलून खिडकीबाहेर फेकावासा वाटला. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शिकलेल्या लोकांची जात, पांढरपेशांचा कावा, असं बरंच. मी ठरवून टाकलं होतं की तुम्हाला सगळं कळलं होतं. वीस वर्षं ऑफिसांची पत्रं टाइप करणारी बाई, हिच्या हाताखालून किती कोटेशनं गेली असतील! कोटेशनात बोलायचा भाव टाकत नाहीत हे हिला ठाऊक असणारच. ही मजा पाहत बसली. आठ वर्षं मी हेच मानलं.

पुढचं वर्षभर मी तुमच्या रस्त्यावरूनही गेले नाही. पण वर्ष फिरलं, पुन्हा कँटीनचं कोटेशन निघालं आणि मी पुन्हा तुमच्या पायऱ्या चढले. तुम्ही काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. खिडकीजवळचं मशीन रिकामं करून दिलंत. मी टेबल टाकलं, माशांची नावं भरली, आणि भावाच्या रकान्याशी आल्यावर बोटं थांबली. मनातला शेवटचा भाव, जो मी नवऱ्यालाही खरा सांगत नव्हते, तो कागदावर लिहायचा. बाई, बाजारात उघडं बसल्यासारखं वाटलं मला. दोनदा लिहून पुसला. तिसऱ्यांदा लिहिला आणि डोळे मिटून प्रिंट दिली. तुम्ही कागद फाडला, वाचला, आणि म्हणालात, "तारीख मागच्या वर्षीची आहे."

ऑर्डर मिळाली. अडत्याला मी ते तोंडावर सांगायला गेले होते, ते तुम्हाला माहीत आहे, कारण तिथून निघून पेढे घेऊन तुमच्याकडेच आले होते. तुम्ही पेढा घेतलात आणि म्हणालात, "आता ईमेल शिका."

माझा तुमच्यावरचा राग गेला नव्हता, तरी मी येत राहिले. हे लोकांना कळायचं नाही, तुम्हालाही कळत होतं की नाही कोण जाणे. मी तुम्हाला दाखवून देण्यासाठी शिकत होते. हिने मला बुडताना पाहिलं, आता हिच्यासमोर तरून दाखवते, असं. एकदा फ्लॉपी मी बर्फाच्या पेटीवर ठेवून आणली आणि ती उघडेना. सगळी कागदपत्रं गेली. मी म्हटलं, "तुमी करून द्या नं जी, तुमचं दहा मिनिटांत होते." तुम्ही म्हणालात, "माझं होईल. तुमचं कधी होईल?" आणि माझ्यासोबत बसून राहिलात, लाइट गेली तेव्हा इन्व्हर्टरवर बाकी सगळी मशीनं बंद करून एकच चालू ठेवलंत, माझं. वर्गातले पंखेही बंद केलेत. मे महिना होता. दोघी घामाने भिजलो. त्या दिवशी तुम्ही तुमच्या वडिलांच्या भट्टीबद्दल बोललात आणि मी माझ्या सासूबद्दल. त्या दिवशी मी तुम्हाला विचारू शकले असते. विचारलं नाही. राग सोडवेना. तो माझ्या कामाचा होता.

मग माझा स्वतःचा कॉम्प्युटर आला, सावलीत. तुमच्याकडे येणं कमी झालं. तुम्ही आजारी आहात हे कळलं तेव्हा मी मरळ घेऊन येऊ शकत नव्हते, म्हणून केळी घेऊन आले. वर्गामागच्या खोलीत तुम्ही पडून होतात. हाताच्या शिरा वर आलेल्या. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"बाई, एक विचाराचं हाय. त्या पयल्या कोटेशनच्या वक्ती तुमी काऊन बोलल्या नाई?"

मला वाटलं, आठवत नाही म्हणतील. मग म्हणालात, "मला कळलंच नव्हतं."

"काय नाई कळलं?"

"तो भाव जास्त आहे, हे. मी आयुष्यात मासे विकत घेतले नाहीत, शेवंताबाई. रोहू काय भावाने जातो, मला कसं कळणार? मला स्वल्पविराम कळतो."

खोलीबाहेर कुणीतरी तीच ती ओळ टाइप करत होतं, सारखी अडखळत.

"मंग त्याच वक्ती सांगाचं होतं नं! आठ वर्स मी तुमाले..."

तुम्ही हसलात. दात नसलेल्या बाजूने. म्हणालात, "तुम्ही विचारलं नव्हतंत, शिव्या दिल्या होत्या. नंतर सांगावंसं वाटायचं. पण सगळं मूल मला टायपिंगवाली म्हणतं. तुम्ही एकट्या अशा होतात की ज्यांना वाटायचं, या बाईला धंद्यातलं सगळं कळतं. मला बरं वाटायचं ते. मोडवेना."

तुमच्या भावाने चहा आणून ठेवला होता. मी तो तसाच ठेवला आणि उठले. दारापर्यंत आले तेव्हा तुम्ही मागून म्हणालात, "अहो, रोहू महाग असतो की स्वस्त?" मी मागे वळले नाही. तुम्ही हाक मारलीत ती तेवढी एकदाच, आणि मी थांबले नाही.

रस्ताभर जळत होते. तुमच्यावर की स्वतःवर, कळत नव्हतं. ज्या रागाच्या जोरावर मी टेबल शिकले, ईमेल शिकले, अडत्याला उठवला, तो राग एका माळवाल्या बाईला रोहूचा भाव ठाऊक नव्हता म्हणून होता. मी ठरवलं, बुधवारी मूलला यायचंच आहे, तेव्हा काय बोलायचं ते नीट जुळवून येऊ.

फोन आला तो मंगळवारी सकाळी. मी यंदाचं कोटेशन टाइप करत होते. बारा वाजेपर्यंत मेल जायला हवा होता आणि अकराला आमच्याकडे लाइट जायची होती. फोन ठेवला. पुन्हा खुर्चीवर बसले आणि पुढचा रकाना भरला. भाव, तारीख, तिसऱ्या ओळीतला स्वल्पविराम. दोनदा वाचलं. पाठवलं. पडद्यावर मेल गेल्याचं दिसलं आणि मग निघाले. मी घाटावर पोचले तेव्हा अग्नी देऊन झाला होता. मागे कुजबुज झाली, "आता आल्या." झाली तर झाली. वर्षाची ऑर्डर आहे, मला मासे देणाऱ्या मच्छीमारांची सोळा घरं तिच्यावर चालतात. तुम्ही असतात तर अर्धवट कागद सोडून आले म्हणून मला दारातूनच परत पाठवलं असतं.

घाटावर तुम्हाला सांगायचं ते सांगता आलं नाही. लाकडं तडतडत होती, लोक होते. आता सांगते. ती ऑर्डर मी घालवली, बाई. तुम्ही नाही. कागदाला मी बाजार समजले आणि हाकेची वाट पाहत बसले. एवढं साधं होतं, पण ते मान्य करायचं तर भांडायला कोणी उरत नव्हतं, म्हणून मी ते तुमच्या माथी मारलं आणि तुम्ही ते ठेवून घेतलंत. माझी ती चूक, आणि ती मी सोळा घरांतल्या बायकांसमोरही बोलून दाखवीन.

पण आठ वर्षं गप्प राहिलात ती तुमची. ती मी सोडणार नव्हते. बुधवारी येऊन तुमच्या उशाशी बसून चांगली तासभर भांडणार होते. मग रोहूचा भाव सांगणार होते, बोलायचा नाही, खरा. आणि मग तो चहा पिणार होते.

तुमची,
शेवंता